तळाची ओळ

१

आमच्या गायकवृंदात नवीन आलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी चोरी शिकवतो. लांब स्वर असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारचा गात असताना आपण हळूच गप्प व्हायचं, श्वास ओढून घ्यायचा आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत परत स्वरात शिरायचं. आपण घेतो तेव्हा शेजारी बाजू सांभाळतो, तो घेतो तेव्हा आपण. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढी माणसं उभी आहेत आणि एकालाही दम लागत नाही. दम सगळ्यांनाच लागतो, पण पाळीपाळीने. याला आम्ही चोरटा श्वास म्हणतो.

कोणी कुठे चोरी करायची हे ठरवणं माझं काम. प्रत्येकाच्या कागदावर, प्रत्येकाच्या ओळीत, पेन्सिलने स्वल्पविरामासारखी एक खूण करायची. कोणाचा दमसास केवढा, कोण कोणाशेजारी उभं आहे, हे सगळं डोक्यात ठेवून. या खुणा करण्यात माझे डोळे गेले, मान गेली आणि बऱ्याच रविवारच्या दुपारी गेल्या. त्यातच आमच्यासाठी गाणी लिहिणारे संगीतकार लेकीकडे राहायला गेले आणि तिथे त्यांनी संगीताचं नावच टाकलं. मग मी एआयचा प्रोग्रॅम घेतला. प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना दिला की तो त्याच गळ्यांसाठी बेतून गाणं लिहितो आणि श्वासाच्या खुणाही करून देतो, असं समजलं. मला त्याचं कौतुकही नव्हतं आणि रागही नव्हता. मी दमलो होतो, एवढंच.

नमुने आम्ही हॉलमागच्या खोलीत घेतले, जिथे जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. औषधांच्या दुकानवाला आला, पोस्टातल्या बाई आल्या, शाळेतले गणिताचे मास्तर आले, एकेक करून सगळे आले. प्रत्येकाने गायच्या आधी मी हात वर करून स्वतः श्वास ओढायचो. कोणताही दिग्दर्शक हेच करतो. त्याचा श्वास बघून गाणारे श्वास घेतात, म्हणून सगळे एका क्षणी सुरू होतात. माझी ही सवय इतकी मुरली आहे की घरात कोणाला काही विचारायचं असलं तरी मी आधी हात वर करून श्वास घेतो, असं ताई चिडवते.

ताई माझी थोरली बहीण. आमच्या घरात आम्ही दोघंच. वृंदात ती खालच्या पट्टीत गाते, पहिल्या रांगेत. यंदाच्या थंडीत तिच्या छातीत पाणी झालं, दवाखान्यात राहावं लागलं, आणि घरी आली ती निम्मी होऊन. एक जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. डॉक्टर म्हणाले, गा, पण लांब स्वर नकोत. ताईचा नमुना मी घरीच घेतला. जेवणाच्या टेबलाशी ती बसली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दर ओळीला तिच्याबरोबर, खरं तर तिच्याआधी, भरभरून श्वास घेतला. तिला धीर यावा म्हणून.

"वार्षिक कार्यक्रमात मला उभं राहता आलं पाहिजे," ती म्हणाली. "गाणं सुटलं तर माझी कुंडी होईल. खिडकीत ठेवायची, पाणी घालायचं."

मी म्हटलं, तुला पेलेल अशीच ओळ लिहून घेऊ. तो प्रोग्रॅम मी कशासाठी घेतला असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हेच होतं.

२

गाणं चांगलं होतं. चांगलं नसतं तर बरं झालं असतं. शब्द नव्हते, नुसता 'आ'कार. पण खालून वर असा उमलत जायचा की कागदावर वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला. औषधवाल्याच्या आवाजाला वर जाताना धार येते, ती प्रोग्रॅमने बरोबर हेरली होती. पोस्टातल्या बाई जिथे कच खातात, तिथे मास्तरांना त्यांच्या जोडीला दिलं होतं. श्वासाच्या खुणा तर मी केल्या असत्या त्याहून नेटक्या.

फक्त ताईची ओळ चुकली होती. तिला सगळ्यात लांब स्वर दिले होते आणि पानामागून पान उलटलं तरी तिच्या ओळीत श्वासाची एकही खूण नव्हती.

शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी एक जादा ओळ होती. तिच्यात स्वर एकही नाही. नुसत्या श्वासाच्या खुणा.

पहिल्यांदा वाटलं, छपाईत गडबड झाली असेल. पुन्हा लिहून घेतलं. गाणं थोडं बदललं, तळाची ओळ तशीच आली. तेव्हा मी प्रोग्रॅमला सरळ विचारलं, ही ओळ कोणाची. उत्तर आलं: दिग्दर्शकाची. मी लिहिलं, दिग्दर्शक गात नाही. उत्तर आलं: नमुन्यात ऐकू आलं तसं लिहिलं आहे.

मग माझी ट्यूब पेटली आणि जीव भांड्यात पडला. ताईचा श्वास आधीच तोळामासा. टेबलावरच्या त्या नमुन्यात ऐकू येत होता तो माझा श्वास. यंत्राने हिशेब मांडला की स्वर या बाईचा आणि श्वास त्या माणसाचा. बिचाऱ्याची काय चूक? मी पेन्सिल काढली, तळाच्या ओळीवर काट मारली, आणि ताईच्या ओळीत पूर्वीसारख्या हाताने खुणा केल्या. चांगल्या जवळजवळ, आजाऱ्याला झेपतील अशा.

३

तालमीचा आमचा हॉल जुना आहे. दाराशी एक फळी करकरते, दिवे पेटायला वेळ घेतात, आणि पियानो वाजवणारे गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असतात. त्यांना आम्ही घड्याळ म्हणतो. ते कधी चुकत नाहीत आणि कधी थांबतही नाहीत, दोन्ही गोष्टींचा त्रास होतो.

गाणाऱ्यांचे चेहरे दिग्दर्शक फारसे बघत नाही. चेहरे फसवतात. तो खांदे बघतो. श्वास घेतला की खांदा किंचित वर येतो, कितीही चोरून घ्या. त्या संध्याकाळी खांदे ठरल्याप्रमाणे वर येत होते, एक इथे, एक तिथे. ताईकडे माझं डोळ्यांत तेल घालून लक्ष होतं. पहिली खूण आली. ती गातच राहिली. दुसरी आली. ती गातच राहिली. स्वर कुठे पातळ झाला नाही, थरथरला नाही. आजारपणाच्या आधीसुद्धा ताई इतकी गोड कधी गायली नव्हती. तिचे खांदे मात्र हलले नाहीत.

गाणं संपल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी कागदांचा स्टँड धरून उभा होतो. छाती भात्यासारखी चालली होती. घड्याळ म्हणाले, सर, गातात ते आणि धाप तुम्हाला? सगळे हसले, मीही हसलो.

घरी येताना ताईला विचारलं की खुणा दिसल्या नाहीत का.

"घेतला की श्वास," ती म्हणाली. "जिथे तू सांगितलास तिथेच."

आणि ती जिना चढून गेली. मधल्या पायरीवर थांबली नाही. मी थांबलो.

४

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. ताई स्वयंपाकघरात पुन्हा उभी राहू लागली. बाजारातून पिशव्या आणू लागली. आता पिशवी माझ्या हातात दे, तुला झेपत नाही, असं ती मला म्हणायची. मी स्वतःला समजावत होतो की माणसं बरी होतात, त्यात नवल काय. माझं वय झालं, धाप लागायचीच. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे मास्तर शाळेत मुलांना शिकवतात.

पण दुपारी ताई झोपते. तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे आणि मधली भिंत नावाला. लहानपणापासून तिच्या घोरण्यावरून मी तिला छळत आलो आहे. आता त्या खोलीतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. एकदा मी दारात जाऊन उभा राहिलो. चादर गळ्यापर्यंत होती आणि तिच्यावरची एक सुरकुतीही हलत नव्हती. मी घाबरून जोरात श्वास ओढला. चादर वर आली. मी सोडला. चादर खाली गेली. मी तिथून निघालो आणि उगाचच भांडी घासत बसलो.

डॉक्टरांकडे जायचं होतंच. त्यांनी ताईच्या पाठीला नळी लावली आणि म्हणाले, मोठा श्वास घ्या.

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाकी काही केलं नाही, नुसतं बघितलं. तालमीत बघते तसं, सुरू करायच्या आधी. माझा हात आपोआप गुडघ्यावरून उचलला गेला आणि मी श्वास घेतला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता सोडा."

मी सोडला.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, छाती अगदी स्वच्छ, तरुण मुलीसारखी. निघताना त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले की एकदा तुम्हीही तपासून घ्या, चेहरा ओढलेला दिसतो, दोघांचं काम एकटेच करता की काय. मी म्हटलं, तसंच काहीसं. ताई खळखळून हसली.

५

एक गोष्ट करून बघायची मला फार भीती वाटत होती, म्हणून मी ती बरेच दिवस टाळली. शेवटी एका सकाळी, लख्ख उजेडात, करून बघितली.

ताई ओट्याशी मटार सोलत होती आणि गुणगुणत होती. तेच गाणं. मी टेबलाशी बसलो होतो. वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि श्वास रोखला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मटार पातेल्यात पडत होते. मग गुणगुणणं बारीक झालं, नळ कोणीतरी हळूहळू बंद करावा तसं, आणि थांबलं. मटार पडायचे थांबले. मी वर्तमानपत्र खाली केलं. ताई पाठमोरी उभी होती. शेंग हातात अर्धी उघडलेली. तिच्या मानेवरचा रंग उतरत चालला होता. ती पडली नाही, धडपडली नाही, वळलीसुद्धा नाही. वाट बघत होती, इतकंच. एखादं माणूस रांगेत उभं राहून वाट बघतं तशी.

मला ते सहन झालं नाही. मी श्वास घेतला, इतका मोठा की खोकला आला. शेंग उघडली. मटार पातेल्यात पडले. गुणगुणणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

"पाणी पी," ताई म्हणाली. "ठसका लागला तुला."

त्या दिवसापासून मी पोहायला गेलो नाही, जिन्यावर घाई केली नाही आणि सर्दीला जपू लागलो. झोपेत काय, असा प्रश्न पडला तेव्हा मी स्वतःला सांगितलं की झोपेतही श्वास चालूच असतो. उत्तर बरोबर होतं. पण आपण असले प्रश्न सोडवत बसलो आहोत हे ध्यानात आलं. कोणाला सांगणार होतो मी? माझी बहीण बरी झाली, अशी तक्रार?

६

कार्यक्रम झाला. ताई पहिल्या रांगेत, निळ्या साडीत. तळाच्या ओळीवर मी मारलेली काट होती, तरी तिच्यातल्या खुणा मला खालून दिसत होत्या आणि मी त्या पाळत होतो. शेवटचा स्वर इतका लांब होता की लोक जागेवरच उठून उभे राहिले. खाली वाकून नमस्कार करताना माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. ताईने माझा दंड धरला. तिचा हात गरम होता. तेवढ्यापुरतं सगळं फिटलं असं मला वाटलं, खोटं बोलणार नाही.

अडचण नंतर आली. ताईंना जसं गाणं बसलं, तसं आम्हालाही बसेल असं हवं, असं सगळे म्हणू लागले. मी अंथरुणावर होतो. डॉक्टरांनी आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगितली होती. मला त्रास नको म्हणून घड्याळांनी परस्पर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्या प्रोग्रॅमला दिलं आणि पुढचं गाणं सांगितलं. मोठ्या उत्साहाने मला येऊन सांगत होते. आवाज फार स्वच्छ आलाय म्हणाले. माइक कुठे ठेवला होता, मी विचारलं. कुठे म्हणजे काय, तुमच्या स्टँडवर, ते म्हणाले.

माझ्या स्टँडवर. माझ्या तोंडासमोर. साऱ्या वृंदापेक्षा माझा श्वास जवळ.

मी त्याच दुपारी उठून टेबलाशी बसलो. गाणं तयार होतं. कोणाच्याही ओळीत एकही खूण नव्हती. तळाची ओळ मात्र काळी झाली होती, खुणेला खूण टेकलेली. मी प्रोग्रॅमला लिहिलं, तळाची ओळ काढून टाक. त्याने लगेच ऐकलं. पानांचा तळ कोरा झाला. मग मी लिहिलं, आता प्रत्येकाच्या ओळीत श्वासाच्या खुणा कर. उत्तर आलं: गरज नाही.

मी यंत्र बंद केलं. कागदच आहेत शेवटी, मी म्हटलं. माणसं अजून माणसंच आहेत. पेन्सिली देऊ, आपापल्या खुणा आपापल्या हाताने करतील. आणि मी हे काम सोडून देईन. वृंद घड्याळांच्या हाती देईन आणि ताईसाठी फक्त घरात बसून राहीन. एकीचं मला झेपेल. तेवढं मी करीन, जमेल तोवर.

७

मी गेलो तेव्हा घड्याळांनी कागद वाटून झाले होते आणि सगळे एकदा गाऊनही झाले होते. सरांशिवाय जरा अडखळलं, असं कोणीतरी म्हणालं. मी खिशातून पेन्सिली काढून रांगेत दिल्या. सांगितलं की खुणा ज्याच्या त्याने करायच्या, आणि आजपासून घड्याळ तुम्हाला सुरू करून देतील, मी मागे खुर्चीवर बसणार आहे. कोणी कुरकुर केली नाही. मला जरा वाईटही वाटलं.

मी बसलो. खुर्ची भिंतीला टेकवली, डोळे मिटले. फार दमलो होतो. घड्याळांनी स्वर दिला. आता सुरू होईल म्हणून मी ऐकत राहिलो, आणि ऐकता ऐकता माझा श्वास संथ झाला, झोप लागायच्या आधी होतो तसा.

काही सुरू झालं नाही.

मी डोळे उघडले आणि श्वास रोखूनच बघत राहिलो. घड्याळ हात वर करून उभे होते आणि गोंधळून मागे बघत होते. रांगा जागच्या जागी होत्या. औषधवाल्याच्या हातात पेन्सिल होती, टोक कागदाला टेकलेलं, खूण केलेली नव्हती. पोस्टातल्या बाईंचं तोंड स्वरासाठी उघडलेलं. मास्तर चष्म्यावरून बघत होते. कोणाच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, भीती नव्हती. मी खांदे बघितले. पहिल्या रांगेपासून भिंतीजवळच्या शेवटच्या माणसापर्यंत एक खांदा हलत नव्हता. इतक्या माणसांच्या खोलीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दाराशी फळी करकरली, कोणी पाय न देता.

सगळे घड्याळांच्या पलीकडे बघत होते. माझ्याकडे. ताई पहिल्या रांगेत होती. तिच्या ओठांचा रंग उतरू लागला होता, आणि तरी ती हसत होती, मला धीर द्यावा तशी.

"सर," घड्याळ हळू आवाजात म्हणाले, "द्या ना त्यांना."

मी उठलो नाही. उठायचं बळ नव्हतं. बसल्या जागेवरून हात वर केला आणि जेवढा आत मावेल तेवढा श्वास घेतला.

सगळे खांदे एकदम वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी चोरी केली नाही.